घोटा सोडायचा सराव

मुलीने फोनच्या कॅमेऱ्यासमोर पाठ केली तेव्हा माझा नवरा जेवणावरून उठून गेला. खांद्यापासून कमरेपर्यंत बुटांच्या खिळ्यांचे वळ होते, काही जांभळे, काही फुटलेले. मी फोन जवळ घेऊन पाहिलं.

"बरगडीवर हात ठेव आणि खोल श्वास घे. दुखतंय?"

"नाही."

"मग मोडलेली नाही. कुणी तुडवलं?"

"चौघीपाचजणींनी. चूक माझीच, वाटेत मी पडले होते."

मुलगी स्कॉटलंडला गाड्यांच्या इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला गेली होती. तिकडे सुरुवातीच्या आठवड्यात विद्यापीठाचे सगळे खेळांचे क्लब टेबलं मांडून बसतात आणि नव्या मुलांना हाका मारून बोलावतात. कबड्डीचं टेबल नव्हतं. रग्बीच्या टेबलामागच्या मुलीने हिचे खांदे पाहिले आणि विचारलं, कधी कुणाला पाडलंयस का? ही म्हणाली, चौथीत असल्यापासून.

ते खरंच होतं. मी स्वतः जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेली, उजवा कोपरा. राजगुरुनगरजवळच्या आमच्या गावात मुलींचा संघ होता. पकड शिकवताना आमचे सर हातात निरगुडीची ओली फांदी ठेवायचे. चढाईला आलेलीचा घोटा आम्ही धरला की ते आमच्या मनगटांवर फांदी ओढायचे. हात सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. समोरचीचा दम तुटेपर्यंत, म्हणजे तिच्या तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' बंद पडेपर्यंत, घोटा सोडायचा नाही. मग टाच तोंडावर बसो नाहीतर नाकावर. माझे पुढचे दोन दात तिथेच राहिले. मुलीला मी फांदीशिवाय शिकवलं, पण शिकवलं हेच.

रग्बीत नेमकं उलट. चेंडू घेऊन पळणारीला पाडायचं आणि ती जमिनीला टेकली की लगेच सोडायचं. आमची मुलगी पाडायची झकास. धिप्पाड पोरी तिच्यासमोर पोत्यासारख्या कोसळायच्या. पण घोट्याभोवतीचे हात काही निघायचे नाहीत. मग चेंडूसाठी धावणाऱ्या बाकीच्या तिच्या पाठीवरून जायच्या आणि पंच शिट्टी मारायचे. लागोपाठच्या सामन्यांत तिला पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे काही वेळ मैदानाबाहेर. प्रशिक्षक बाईंनी सांगून टाकलं, की सुट्टीनंतरच्या पहिल्या सामन्यात पुन्हा असं झालं तर संघात जागा नाही.

ती जागा तिला किती हवी होती ते तिने सांगितलं नाही. मला फोनवरून कळत होतं. संघात जाण्याआधी तिचा दिवसातून तीनचारदा फोन यायचा. काय जेवलात, बाबा कुठे आहेत, खाली कुत्रं का भुंकतंय. संघात गेल्यावर फोन फक्त रविवारी यायला लागला.

डिसेंबरच्या सुट्टीत ती चिंचवडला घरी आली. नवरा म्हणाला, "तिला म्हणावं खेळ सोड. उद्या नाक मोडलं तर…"

"तर काय?"

"काही नाही."

मी माझ्या संघातल्या दोन जुन्या मैत्रिणींना बोलावलं. एक शहर बसमध्ये कंडक्टर आहे. दुसरीच्या नवऱ्याचं गॅरेज आहे आणि तिथले टायर तीच उचलते. चाकणला कंपनीत मला दुपारची शिफ्ट होती, त्यामुळे सकाळी निगडीच्या एका शाळेच्या मातीच्या मैदानावर जमायचं ठरलं. चेंडू म्हणून जुन्या उशीवर गोणपाट शिवलं. निरगुडीची फांदी मी आणली.

कंडक्टरने उशी काखेत मारली आणि पळाली. मुलीने झेप घेऊन तिचे पाय ओढले. धप्पकन आवाज झाला, माती उडाली. मी वाकून मुलीच्या मनगटांवर फांदी मारली. "सोड." सुटलं नाही. पुन्हा मारली, वळ उठला, हात उलट घट्ट झाले. खालून कंडक्टर लाथा झाडत होती. एक लाथ मुलीच्या हनुवटीवर बसली, ओठ फुटला, तरी हात तसेच.

"ए बाई, माझा पाय हाय त्यो, बसचा दांडा न्हाई," कंडक्टर म्हणाली.

असं बरंच चाललं. मग गॅरेजवालीला पाडलं, तिचं कोपर सोलून निघालं. मुलीची मनगटं सुजली. मी फांदी बदलली. शेवटी गॅरेजवालीने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि मोडली.

"मारून काय होणार? आपण मार खाऊन कधी सोडलं का?"

"नाही."

"मग कधी सोडायचो?"

"दम तुटल्यावर."

"तेच तिला दे. माणूस आपटला की त्याचा दम तुटतोच की."

"व्हय," कंडक्टर गुडघा चोळत म्हणाली. "माझा तर चांगलाच तुटला."

मग आम्ही कबड्डी म्हणत पळायला लागलो. उशी काखेत आणि तोंडाने कबड्डी कबड्डी. ती आम्हाला आपटायची, पाठ जमिनीला लागली की छातीतून हुक् असा आवाज यायचा आणि कबड्डी तुटायची. त्या आवाजावर तिचे हात आपोआप उघडले. पहिल्यांदा उघडले तेव्हा ती स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली. मी तिच्या पेकाटात गुडघा घातला. "बघत काय बसलीस? उठ."

पुढे कबड्डी म्हणणं बंद केलं, नुसत्या हुक् आवाजावर सोडायला लावलं. सुट्टीभर तिने आम्हाला रोज सकाळी आपटलं. कंडक्टर डाव्या हाताने तिकिटं देऊ लागली. मी शिफ्टला लंगडत जायचे, सुपरवायझरने विचारलं तर जिन्यावरून पडले म्हणायचे.

जानेवारीतला सामना कुणीतरी फोनवरून दाखवत होतं, तो आम्ही घरी टीव्हीला जोडला. दोघी मैत्रिणी आल्या होत्या. तिकडे पाऊस पडत होता आणि सगळ्या चिखलाने एकसारख्या दिसत होत्या. मुलीला आम्ही पकडीवरून ओळखलं. पाडलं, सोडलं. पुन्हा पाडलं, सोडलं. शिट्टी नाही.

मग समोरच्या संघातली सगळ्यांत जाड मुलगी सरळ हिच्या अंगावर आली. हिने खाली घुसून दोन्ही घोटे ओढले, ती पडली, हिचे हात सुटले. ही उठत असताना मागून येणारीचा गुडघा हिच्या तोंडावर बसला. डोकं मागे गेलं. रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं. पंच बाईंनी खेळ थांबवला आणि हिला हाताने मैदानाबाहेर जायला सांगितलं.

"काढलं तिला," नवरा म्हणाला. तो उभाच होता. "नाक मोडलंय तिचं."

"नाकाचं ऱ्हाऊ दे," कंडक्टर म्हणाली. "बाईनं कार्डासाठी खिशात हात घातला का ते बघा."

चित्र हलत होतं. काही कळेना. गॅरेजवाली टीव्हीला नाक लावून बसली. तेवढ्यात कडेला ती दिसली, कुणीतरी तिच्या नाकपुड्यांत कापूस कोंबत होतं. ती पुन्हा आत आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. रक्त थांबवण्यापुरतंच पाठवलं होतं.

त्या दिवशी तिचा फोन आला नाही. नवरा दर थोड्या वेळाने माझ्या फोनकडे बघत होता. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

फोन रविवारी आला. नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. मागे मुली मोठमोठ्याने बोलत होत्या, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"खोल श्वास घे," मी म्हणाले.

"नाकाने येत नाही, आई."

"मग तोंडाने घे. पुढचा सामना कधी आहे?"