जळकोटची पिकदाणी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझा नवरा, श्रीधर, गेला.

पावसाळा संपल्यावर मी जळकोटला निघाले. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्ग मागे पडलं की धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव रस्त्यावरच लागतं. आमची मुलगी हैदराबादला असते. तिच्याकडे जाता-येता श्रीधर इथे हमखास गाडी थांबवायचा, रेवणअप्पांच्या दुकानासाठी. पत्र्याच्या लांबट शेडमध्ये जुनी भांडी आणि शोभेच्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात. त्यांत बिदरी कामाची एक पिकदाणी होती, काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी असलेली. श्रीधरला ती हवी होती, पण रेवणअप्पा सांगतील त्या किमतीला नको होती.

आमची घासाघीस जोडीची असे. श्रीधर वस्तू हातात घेऊन विरघळल्यासारखं करायचा आणि मी दारातून म्हणायचे, "घरात जागा नाही. चला." दुकानदार घाबरून उतरायचे. हा डाव सगळीकडे चालला, जळकोट सोडून. तिथेही जोडीच होती. रेवणअप्पा जरा खाली आले, की त्यांची बायको निलव्वा आतून ओरडायची, "ब्याड री!" (कानडीत 'नको हो'.) "माझ्या आईची आठवण हाय ती!" दर खेपेला आम्ही रिकाम्या हातांनी गाडीत बसायचो आणि श्रीधर उमरगा येईपर्यंत हसत राहायचा. "मागच्या वेळी आजीची होती!"

आता ती पिकदाणी मला आणायची होती. सांगतील ते पैसे देऊन आणता आली असती. पण मग श्रीधर कायमचा हरला असता, आणि त्याला पुन्हा डाव मांडता येणार नव्हता.

मला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती विकून टाकली आहे. सोलापूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतून उलट प्रश्न आला, "कुठलं जळकोट? लातूरकडलं का नळदुर्गापुढलं?" जळकोटं दोन आहेत हे मला नवीन होतं. नीट उत्तर देऊनही मी चुकीच्याच गाडीत बसले. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला. "आज्जी, तुमी लातूरला निघालाव. उतरा, उतरा." गाडी चुकण्यापेक्षा 'आज्जी' जास्त लागलं.

दुसऱ्या गाडीत खिडकी मिळाली. बाहेर तूर फुलावर आली होती आणि सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं दूरवर पसरली होती. नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी फडकं सोडून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढे केली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं.

"कुणाकडं निघालाव?"

"पिकदाणी आणायला."

त्यांना कळेना. "उगालदान," मी म्हणाले.

"आगं बया! इतक्या लांबनं, थुकायच्या भांड्यासाठी?" त्यांनी मला आणखी एक भाकरी दिली. मी भुकेने भ्रमिष्ट झाले असावे असं त्यांना वाटलं असणार.

दुकान तसंच होतं. समयांची रांग, पानपुडे, अडकित्ते, अत्तरदाण्या, चिनी मातीच्या बरण्या. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले रेवणअप्पा उठून उभे राहिले.

"या बाई. सायब कुठं हायती?"

वाटेत मी किमतीची सगळी उत्तरं तयार केली होती. याचं केलं नव्हतं.

"गाडीत बसलेत," मी म्हणाले. "पलीकडे, लिंबाखाली. चिडलेत. म्हणतात, आज खरेदी नाही."

रेवणअप्पा खुलले. "आज बाई गिऱ्हाईक आन् सायब नको म्हणतेत! ह्ये बरंय." त्यांनी पिकदाणी फळीवरून काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसली. "निजामाच्या तहसीलदाराची हाय."

"मागच्या वेळी सुभेदाराची होती."

"त्येची बदली झाली."

त्यांनी आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला. ते छातीला हात लावून बसले, मग थोडे उतरले. तेवढ्यात आतून आरोळी आली, "ब्याड री!" आणि मागोमाग निलव्वा बाहेर आली.

"सायब उन्हात बसलेत व्हय? पाणी तरी देऊन येते."

"नको, झोपलेत ते."

"आत्ता चिडलेत म्हणालाव की!" तिने तांब्या भरला आणि निघाली.

मी समया बघत राहिले. बसमधून उतरले तेव्हा लिंबाखाली एक शेळी बांधलेली होती, तेवढीच.

निलव्वा सावकाश परत आली. तांब्या काठोकाठ भरलेलाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळली.

"सायब लई तापलेत. बाई सांगत्यात त्येला देत असला तर द्या म्हणालेत, न्हायतर ह्यो निघालो."

"असं म्हणाले?"

"आन् दर बारीला तुमची बायको आडवी येती म्हणालेत. तिला आत बसवा म्हणालेत." मग ती हळूच म्हणाली, "कोड्री." (द्या हो.)

रेवणअप्पांनी भरलेल्या तांब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तुझ्या आईची आठवण न्हवं का ही?"

"आईकडं कुठनं आली बिदरी? जर्मनचं एक ताट हुतं तिच्याकडं."

ते पिकदाणी वर्तमानपत्रात गुंडाळू लागले. निलव्वाने तांब्या माझ्या हातात दिला. "तुमीच प्या आता." मी प्यायले. थोडं पाणी साडीवर सांडलं. मग तिने मला बसवून वाटीभर हुग्गी (गव्हाची खीर) खायला लावली. सायबांसाठी तिने वाटी भरली नाही आणि रेवणअप्पांनी तिला आठवण केली नाही.

पुडकं घेऊन रेवणअप्पा माझ्याबरोबर रस्ता ओलांडून आले. लिंबाजवळून जाताना त्यांनी तिकडे मान वळवली नाही. सरळ बसथांब्यापर्यंत चालत गेले आणि गाडी येईपर्यंत उभे राहिले. मी पायरीवर चढल्यावर त्यांनी पुडकं वर दिलं.

"सायबास्नी सांगा, म्या हारलो."

"सांगते," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर पुडकं मांडीवर होतं. सोलापूर येईपर्यंत मला दोनदा हसू आलं. बाकीचा वेळ मी खिडकीबाहेर बघत होते. जळकोटला श्रीधर इतक्या वर्षांत एकदाच जिंकला, आणि त्यासाठी त्याला निलव्वा फितूर करावी लागली.

पिकदाणी पुस्तकांच्या कपाटावर आहे. तिच्यात मी काही ठेवलेलं नाही. मंडईत घासाघीस आता एकटीच करते, आणि बहुतेक वेळा हरते.