रविवार शनिवारी नेणारे पाळक

नगरच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आमेन म्हणता म्हणताच बजावलं, “कुठंही राहा, रविवारची उपासना चुकवू नको.” बाबा नुसते बॅगेची चेन ओढून बघत राहिले. इस्राएलातलं हैफा कुठे आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पोरगी बायबलातल्या देशात चाललीय, एवढंच कौतुक.

त्या देशात सुट्टी शनिवारची आणि रविवार कामाचा निघाला. मी रिबकाआईंची मेटापेलेत, म्हणजे त्यांना सांभाळणारी बाई. त्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; मराठी माझ्या आजीच्या वेळची. त्यांचा मुलगा अवी मात्र त्या मराठीला हिब्रूत उत्तर द्यायचा. माणसं प्रेमळ, पण मी आठवड्याची सुट्टी मागितली की अवी विचारायचा, “आईजवळ कोण बसेल?” कायद्याने जी सुट्टी माझीच होती, ती मी उपकारासारखी मागत होते. उपासनेविना महिने गेले. फोनवर आईने विचारलं की मी विषय बदलायची.

साळवे पाळक जालन्याचे. यरुशलेमला शिकायला आले आणि आमच्यासारख्या कामकरी माणसांत अडकले ते कायमचे. कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला, कुणाला आजारपणात काढून टाकलं, की हे कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला हजर. कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी त्यांनी पाळणाघर उभं केलं. रविवारी कुणाला येता येईना, तर रविवारची उपासनाच सरळ शनिवारी नेली. “देव काय कॅलेंडर बघतो?” म्हणायचे.

माझी रड ऐकून ते एका शनिवारी थेट घरी आले. अवीला हिब्रूत म्हणाले, “सुट्टी तिचा हक्क आहे. मागायला नाही, सांगायला आलोय. आणि आईंजवळ आज मी बसतो.”

तिकडे उपासना एका नर्सबाईने चालवली आणि इकडे पाळक रिबकाआईंना मराठीतून दाविदाची स्तोत्रं ऐकवत बसले. संध्याकाळी मी परतले तर रिबकाआई म्हणाल्या, “माणूस सोन्यासारखा गो, पण गातो कसला! पुढल्या शनवारी नको त्याला बसवू.” पुढल्या शनिवारपासून अवी बसू लागला.

काही वर्षांनी रिबकाआई गेल्या. शिवा, म्हणजे घरच्यांनी खाली बसून पाळायचे दुखवट्याचे सात दिवस, सुरू झाला. माणसांची रीघ लागली होती आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. रडायला सवड नव्हती. पाळक अवीला भेटले, मग आत आले आणि माझ्या हातातलं गाळणं काढून घेतलं. “तुझंही माणूस गेलंय. बाहेर जाऊन बस,” म्हणाले आणि बाह्या सरसावून कप विसळू लागले. असा पाळक मी दुसरा पाहिला नाही.

मी दारात घुटमळले. खाली बसलेला अवी जरा सरकला आणि मराठीत म्हणाला, “ये, बस.”

घर कुठलं विचारलंत तर मी आजही नगरच सांगते. पण पोटभर रडले ती अवीच्या शेजारी बसून, आणि त्या खोलीला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.