पथकाची शिस्त

आमच्या बिबवेवाडीत एक ढोल पथक आहे. त्यात वादन कमी आणि शिस्त जास्त, असं मी म्हटलं की शेजारचे लोक दुखावतात. पथकप्रमुख तिशीचा, आयटीतला. दिवसभर घरातच बर्म्युडा घालून लॅपटॉपसमोर ‘येस सर, येस सर’ करत असतो. संध्याकाळी मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवली की याची छाती लगेच पुढे. नव्या मुलांनी त्याला दादा म्हणायचं, त्याने सांगितल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. याला ही मंडळी संस्कार म्हणतात.

माझा भाचा, बहिणीचा मुलगा, वाशीमहून इंजिनिअरिंगला आला आणि माझ्याकडे राहिला. त्याच्या वऱ्हाडी बोलण्याला वर्गात मुलं हसायची, म्हणून तो गप्प गप्प असायचा. त्याने पथकात नाव घातलं तेव्हा मला बरंच वाटलं. चार ओळखी होतील, असा माझा साधा हिशेब होता.

गणपती महिन्यावर आले असताना एका सकाळी तो आमचा जिना उलटा उतरताना दिसला. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्याला घट्ट. गुडघा वाकवला की डोळ्यांत पाणी येत होतं.

‘‘काही नाही मावशी, पहिल्या वर्षी सगळ्याइले होते असं,’’ तो म्हणाला.

खोदून विचारल्यावर कळलं ते असं. आदल्या संध्याकाळी एका नव्या मुलाचा पाय चुकून ढोलाला लागला. ढोल म्हणजे देव. तेव्हा प्रायश्चित्त म्हणून सगळ्या नव्यांनी कमरेला ढोल बांधून उठाबशा काढायच्या. मोजणारा सीनियर मधेच आकडा विसरल्याचं सोंग करायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायला लावायचा. एक मुलगा ओकला, तर त्याला ते पुसायला लावून परत रांगेत उभं केलं. ढोलाला पाय लागलेला देवाला चालत नाही, पोरांचे हाल झालेले चालतात, हे या लोकांना कोणी सांगितलं कोण जाणे. वर त्या सकाळी सगळ्या नव्यांनी आपापले जिने उतरतानाचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे होते, दादांना हसायला.

संध्याकाळी त्याने मला बाथरूमपाशी बोलावलं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. सीनियरना त्याने दुपारीच विचारलं होतं. उष्णता झाली असेल, सब्जा पी, असं उत्तर आलं होतं. मी रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी मांडी नुसती दाबली तर हा कळवळला. रिपोर्ट पाहून त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘अति श्रमाने स्नायू फुटलेत. त्यातलं सगळं रक्तात उतरलंय आणि ते गाळता गाळता किडन्या बंद पडायला आल्यात. आणखी उशीर केला असतात तर हा हाती लागला नसता.’’ त्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं. एकोणीस वर्षांचा मुलगा. मी वाशीमला बहिणीला फोन केला; सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला लगेच निघता येईना.

आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ घरी चौकशीला आले आणि म्हणाले, ‘‘पोरं जरा कणखर होतात हो त्याने.’’ यांना खालून दूध आणायला लिफ्ट लागते. मी त्यांना चहाही विचारला नाही.

मग पथकप्रमुख दोन शहाळी घेऊन हॉस्पिटलात हजर झाला. पथकाचा टी-शर्ट घालून. ‘‘काकू, पोलीस वगैरे नको ना? उत्सव तोंडावर आलाय. आणि आमच्या वेळी तर याच्या दुप्पट असायचं.’’

‘‘असेल ना. त्याशिवाय आपण असे झाला नसता,’’ मी म्हणाले.

त्याला ते कौतुकच वाटलं असावं, कारण तो हसला. मला त्या हसऱ्या तोंडाची शिसारी आली. माझ्याशी बोलणं संपवून तो भाच्याच्या कॉटशी बसला आणि बराच वेळ त्याच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला.

पोलिसांना डॉक्टरबाईंनीच कळवलं होतं. हवालदार जबाब घ्यायला आले. त्या मैदानावर अजून तीस-चाळीस मुलं रोज जात होती. भाच्याने एक वाक्य खरं सांगितलं असतं तर तो प्रकार त्याच दिवशी थांबला असता. मी उशाशी उभी होते.

‘‘जिममधे झालं, साहेब,’’ भाचा म्हणाला. ‘‘मीच जास्त केलं.’’

खरं काय ते सांगायला मी मधे पडले. हवालदार म्हणाले, ‘‘बाई, मुलगा सज्ञान आहे, तो म्हणेल तेच लिहावं लागतं.’’ भाच्याने सही केली.

ते गेल्यावर मी त्याला पेज भरवायला बसले. का रे खोटं बोललास, एवढंच विचारलं. घाबरला असेल, धमकी दिली असेल, अशी माझी समजूत. तो मात्र आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

‘‘दादा म्हणाले, तू आता आपला झाला. पुढच्या वर्षी नव्या पोराइची शिस्त माह्याकडे.’’

‘‘आणि तू काय करशील त्यांचं?’’

‘‘इतकं नाही करणार मी,’’ तो मला समजावत म्हणाला. ‘‘पण थोडंसं तं करावंच लागते ना, मावशी.’’

त्या रात्री बहिणीचा फोन आला. किडन्या सुधारताहेत, मुलगा हसला, पोटभर जेवला, असं मी तिला सांगितलं. ती रडली, देवाचे आभार मानत राहिली. तो का हसला, हे मी तिला अजून सांगू शकलेले नाही.