मान न डोलवता

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मी मुलीच्या कामात लुडबुड करू लागलो. फ्रीगंजमधल्या दोन खोल्यांत ती आणि तिचे मित्र मोबाइलवरचा तालाचा खेळ बनवतात. गाणं वाजतं, पडद्यावर वरून ठिपके खाली येतात आणि ठिपका रेघेला टेकला की बोट मारायचं. कोणता ठिपका कुठे, कधी, हे ठरवायला ताल कळणारा माणूस हवा होता. नानाखेड्यातल्या आमच्या गणेश मंडळात मी वर्षानुवर्षं ताशा वाजवलेला. ती म्हणाली, "बाबा, ढोल-ताशाची लेव्हल तुम्हीच करा."

मी जीव ओतला. ताशाचा एकही ठोका सोडला नाही. शिवाय पडद्यावर झेंडूच्या पाकळ्याही उडवल्या.

"हे ठिपके आहेत की सांडलेला साबुदाणा?" मुलगी म्हणाली. मग तिने अट घातली. आईने आजवर गेम खेळलेला नाही. तिला उद्या पहिल्याच खेपेला निम्मे ठोके जमले तर लेव्हल ठेवायची, नाहीतर काढून टाकायची.

लेव्हल काढून टाकतील ही कल्पनाच सहन होईना. म्हणून मी लबाडी केली. संध्याकाळी बायको कणीक मळत होती, तिच्याजवळ उभा राहून तोंडाने ताशा वाजवला आणि तिच्याकडून परातीवर घोटून घेतला. पोटच्या पोरीला फसवतोय हे कळत होतं. तरी जेवणं होऊन ताटं उचलल्यावर "अजून एकदा" म्हणालोच.

दुसऱ्या दिवशी बायको खेळायला बसली आणि बोटं अचूक पडू लागली. मी खूश. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, स्क्रीन इकडे आहे. बाबांच्या डोक्याकडे काय बघतेस?"

कोपऱ्यात उभा राहून मी मान डोलवत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, बाहर!" ती चिडली की हिंदीवर येते.

मी गॅलरीत गेलो. आतून टक ऐकू आलं, मग टक-टक, मग काहीच नाही. मग बायकोचा आवाज, "अहो, हे सगळे एकदमच अंगावर येतात हो!"

मला राहवेना. आत जाऊन परातीचं सगळं सांगून टाकलं. मुलगी हसत हसत खाली फरशीवरच बसली. "चीटिंग करूनही फेल!"

"मग काय," बायको म्हणाली. "आरतीत यांची मान वर गेली की समजतं, आता टाळी. इथे समजायच्या आत ठिपका गेलेला असतो."

ते ऐकून मी मुलीकडे आणखी एक संधी मागितली आणि पुन्हा कामाला बसलो. पिवळे ठिपके झेंडूत हरवत होते, म्हणून झेंडू काढला. एकावर एक चढलेले ठिपके सुटे केले. ताशाची तडतड मला सगळ्यांत प्रिय, पण बोटांना ती झेपणारी नव्हती. तिच्या जागी एक लांब पट्टी टाकली, तिच्यावर बोट नुसतं दाबून धरायचं. ती पट्टी टाकताना वाईट वाटलं. पण चालवून पाहिलं तर ढोलाचा प्रत्येक ठोका कसा लख्ख दिसत होता!

मुलीने फळ्यावर लिहिलं: ज्याने हे कधी ऐकलं नाही, त्यालाही ठिपका वेळेआधी दिसला पाहिजे. आणि त्याखाली: चाचणीच्या वेळी बाबा गॅलरीत.

आई आता फितूर ठरल्यामुळे नवा माणूस हवा होता. कचोरीच्या बोलीवर माधव नगरहून माझ्या मोठ्या वहिनीला आणलं. मी गॅलरीत, शेजारी पहाऱ्याला बायको. आत ढोल सुरू झाला. टक. टक. टक-टक. बायकोने माझी हनुवटी धरली.

"मान डोलतेय," ती कुजबुजली.

पट्टी आली. बोटाचा आवाज थांबला आणि माझा श्वासही. मग ढोलाचा ठोका पडला आणि नेमका त्याच्यावर, टक!

"भावजी," आतून वहिनी ओरडली, "परत लावा हो! कचोरी नंतर!"

बायकोने हनुवटी सोडली. मग मी मनसोक्त मान डोलवली.