धुरपदाबाईचा अभिप्राय

अभिमन मास्तरांनी धुरपदाबाईला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या खिडकीबाहेर, डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी असताना. सदतीस सालच्या श्रावणातला रविवार होता. ओसरीत पंचवीस-तीस माणसं बसली होती आणि मास्तर मासिकातली गोष्ट वाचून दाखवत होते. अर्धा तास वाचन चाललं. ती बाई हलली नाही आणि तिनं भाराही उतरवला नाही.

"बाई, भारा तरी खाली ठेवा," मास्तर शेवटी म्हणाले.

"खाली ठेवला तर बसावं लागीन," ती म्हणाली, "आन बसले तर म्हैस उपाशी राहीन. तुम्ही वाचा."

मास्तर मूळचे नरडाण्याकडचे. बदली होऊन इकडे पूर्व खानदेशात, निंभोरा स्टेशनपासून दोन कोसांवरच्या आमोदखेड्याला आले, तेव्हा त्यांच्या तोंडातलं अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा', ऐकून गावानं पहिले सहा महिने करमणूक करून घेतली. त्यांनी रविवारचं वाचन सुरू केलं, ते थोडं या चेष्टेवर उतारा म्हणून. पण 'विश्वकौतुक' मासिकानं 'पाच ताऱ्यांचा पाठलाग' ही वीस वर्षांपूर्वीची गाजलेली मालिका पुन्हा छापायला घेतली, आणि ओसरी पुरेनाशी झाली.

गोष्ट सुडाची होती. पाच जणांनी रणधीरचं गाव जाळलं, माणसं मारली आणि पाच दिशांना पाच ग्रहांवर पळून गेले. रणधीर आपल्या अग्नियानातून एकेकाला शोधत निघाला. वाचून झालं की मास्तर विचारत, "काय वाटलं?" कारण मासिकानं वाचकांचे अभिप्राय मागवले होते. आमोदखेड्यात अभिप्रायांना तोटा नव्हता. ओसरीत पुढं बसणाऱ्या लोटनआबांना रणधीर शनीवर मारुतीला तेल न वाहता उतरला हे मुळीच पटलं नाही. "पुढं त्याचं यान बिघडलं ना? बिघडणारच होतं," ते म्हणाले. पोस्टमन भिकनची तक्रार होती की एवढ्या मोठ्या तारांगणात एकही डाकघर कसं नाही.

धुरपदाबाई पुढच्या रविवारपासून भारा घरी टाकून येऊ लागली. ती विधवा होती, चाळिशी ओलांडलेली, अक्षरशत्रू. तिचे प्रश्न वेगळे असत. पहिला वैरी मेला तेव्हा सगळे खूश झाले. ती म्हणाली, "तो मेल्यावर रणधीर काय जेवला?"

"ते लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मग लिहिणाराले ठाऊक नाही," ती म्हणाली.

कार्तिकात एका सकाळी धुरपदाबाईची केळीची बाग आडवी झालेली सापडली. घड नुकते निसवून बाहेर पडायला लागले होते. कोणी तरी कोयत्यानं एकेक खांब कंबरेतून तोडला होता. कोणी, हे सिद्ध झालं नाही, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतदीर सुपडूशी चाललेलं भांडण सगळ्या गावाला ठाऊक होतं. सुपडूची बाग बांधाला लागूनच होती आणि तिला खरचटलंही नव्हतं.

धुरपदाबाईचा मुलगा तोताराम बावीस वर्षांचा होता, आडदांड आणि मितभाषी. आतापर्यंत वाचनाला न फिरकलेला तोताराम त्या रविवारपासून येऊन दाराशी उभा राहू लागला. मध्येच विचारायचा, "कितवा मेला?"

"तिसरा," कोणी तरी सांगायचं.

"म्हंजे दोन राहिले," म्हणून तो निघून जायचा. मास्तरांच्या कानावर आलं की तो रोज सकाळी कोयत्याला धार लावतो. आई त्याच्याशी बोलून थकली होती. "तो मले म्हनतो, रणधीरच्या आईनं त्याले अडवलं असतं का," तिनं मास्तरांना सांगितलं. "मी काय सांगू? रणधीरची आई तर पयल्याच पानावर मेली."

अडचण अशी होती की शेवट मास्तरांना पाठ होता. धुळ्याला ट्रेनिंगला असताना त्यांनी तो रात्रंदिवस वाचला होता. रणधीर पाचव्याचं यान सूर्यात लोटतो, आणि तो वाचून त्या वेळी त्यांनी स्वतः टाळी वाजवली होती. आता ते प्रकरण हातात पडलं, तेव्हा त्यांना तोतारामचा कोयता आठवला.

रविवारी ते वाचायला बसले. तोताराम दाराशी उभा होता. मास्तरांनी नजर कागदावरून हलवली नाही, पण तिथं छापलेलं एक अक्षर वाचलं नाही. त्यांच्या वाचनात पाचवा वैरी धूमकेतूवर सापडला, म्हातारा झालेला, उजाड जमिनीत झाडं लावत असलेला. रणधीरनं शस्त्र उगारलं, बराच वेळ धरलं आणि खाली केलं.

मग लोटनआबा म्हणाले, "हे काही खरं नाही."

"का?" मास्तरांनी अंक मिटला.

"एवढा दूर गेला, पेट्रोल जाळलं, आन सोडून दिला?"

तोताराम निघून गेला. पण पुढच्या दोन महिन्यांत त्यानं कोयत्याला हात लावला नाही. फक्त बसून राहायचा, बागेत गवत माजू दिलं. मास्तरांना वाटलं, निभावलं.

माघात मासिकाचा नवा अंक आला. त्यात वाचकांच्या अभिप्रायांचं पान होतं. पुण्याच्या एका वकिलांना सूड शास्त्रशुद्ध वाटला होता, नागपूरच्या विद्यार्थ्याला ग्रहांची अंतरं चुकीची. आणि त्याखाली: 'श्रीमती धुरपदाबाई, मु. आमोदखेडे, पूर्व खानदेश, लिहितात: पाचव्याला सोडला हे बरं केलं. पण त्याच्याकडून जळलेलं गाव पुन्हा बांधून घ्यायला हवं होतं. नुसतं सोडून काय होतं.' त्याला संपादकांची टीप होती: 'अंतिम प्रकरणात रणधीर पाचव्यास सूर्यात लोटतो. या भगिनींनी कोणता अंत वाचला, हे कळल्यास आम्हांसही आनंद होईल.'

तिनं भिकन पोस्टमनकडून कार्ड लिहून घेतलं होतं. मास्तरांना न सांगता चकित करायचं म्हणून दोघांनी ते लपवलं होतं.

मास्तर आठवडाभर तो अंक पिशवीत घेऊन फिरले. ते पान गाळता आलं असतं. गावात दुसरं कोणी हा अंक घेत नव्हतं. भिकनला चार शब्द सांगून गप्प करता आलं असतं. पण आपलं नाव छापून आलंय का, म्हणून ती बाई भिकनला रोज विचारत होती. आणि खरं सांगावं, तर तोतारामचा कोयता पुन्हा निघणार होता.

रविवारी त्यांनी पान उघडलं आणि टिपेसकट सगळं वाचलं. मग म्हणाले, "मनी चूक शे, माझीच चूक. मी तो शेवट मनानं वाचला. छापलेला वेगळा आहे."

त्यांच्या 'शे'वर त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"मले तेव्हाच वाटलं," धुरपदाबाई सावकाश म्हणाली. "तुम्ही पानच उलटत नव्हते. मी म्हटलं, बारीक अक्षर असीन."

दारातून तोतारामचा आवाज आला. "म्हंजे मले दोन महिने फशीवलं." तो पायरी उतरला.

धुरपदाबाई उठली नाही. तिनं मास्तरांकडे बघतच हाक मारली, "तोता, थांब. पाचवा कसा मेला ते तरी ऐकून जाय. मास्तर, आता छापलंय तेच वाचा. आन पान उलटत जा."

मास्तरांनी जुना अंक कपाटातून काढला. रणधीर सूर्याच्या ज्वाळांपर्यंत वैऱ्याच्या मागे गेला. पाचव्याचं यान पेटलं, वितळलं, दिसेनासं झालं. ओसरीत दोघातिघांनी टाळी वाजवली. लोटनआबा म्हणाले, "हां, हे कसं."

"अजून आहे," मास्तर म्हणाले. शेवटचा परिच्छेद तरुणपणी त्यांनी बहुधा टाळीच्या भरात वाचलाच नव्हता. रणधीरनं यादीतलं पाचवं नाव खोडलं. सारथ्यानं विचारलं, महाराज, आता यान कुठं नेऊ? रणधीरनं सगळं आकाश पाहिलं. त्याला एकाही जागेचं नाव सांगता आलं नाही. गोष्ट तिथं संपली होती.

"पुन्हा वाचा ते," धुरपदाबाई म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"पाच मेले," ती म्हणाली, "आन याले घरी जायला घर नाही. पाचांपैकी एकाच्या मरण्यानं तरी याच्या दारात एक खांब उभा राहिला का?" हे ती रणधीरविषयीच बोलत होती, पण बघत होती दाराकडे. "माझा अभिप्राय बदलला म्हणून लिहा त्यायले. मी ऐकला तो शेवट खोटा होता. मासिकवाल्यांचा खरा आहे, पण त्यांनी तो लोकायले नीट समजावून सांगायला पायजे होता. लोक टाळ्या वाजवून उठून जातात."

लोटनआबांनी हात धोतरात लपवले.

तोताराम पायरीवर तसाच उभा होता. मास्तरांना त्याचा फक्त पाठमोरा खांदा दिसत होता. मग तो म्हणाला, "बागंत लावायले मुनवे आणाचे तर गाडी लागीन."

"सुपडूची मागू का?" लोटनआबा म्हणाले. त्यांना कधी काय बोलावं हे कळत नसे.

"त्याची नको," तोताराम म्हणाला. "पायी डोक्यावर आणीन, पण त्याची नको."

त्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं सावद्याहून केळीचे मुनवे, म्हणजे लावणीचे कोंब, आणून बाग पुन्हा लावली. दीड वर्षानं घड उतरले. बांधावर उभा राहून सुपडू बघत होता, असं म्हणतात.

धुरपदाबाई मात्र त्या वाचनाच्या दुसऱ्याच दिवशी पाटी घेऊन शाळेत आली होती. "तुमच्यावर आता भरवसा नाही, मास्तर," ती हसत म्हणाली, पण ते खरंही होतं. शाळा सुटल्यावर रोज एक तास, असे दहा महिने गेले. अक्षर तिला लवकर आलं, काना-मात्रेनं मात्र रडवलं. बाराखडी संपल्यावर मास्तरांनी पहिलं पुस्तक पुढं केलं, ते तिनं बाजूला सारलं आणि तो जुना अंक मागितला. बोट ठेवत, अडखळत तिनं शेवटचा परिच्छेद स्वतः वाचला. मग मान डोलावली. "बरोबर आहे. या वेळी तुम्ही खोटं वाचलं नव्हतं."

याला आता नऊ वर्षं झाली. मास्तर निवृत्त होऊन नरडाण्याला परतले आहेत आणि दर महिन्याला त्यांना आमोदखेड्याहून एक कार्ड येतं, मोठ्या गोल अक्षरात. केळी कशी आहेत, लोटनआबा कोणाशी भांडले, कोणती नवी गोष्ट वाचली आणि ती का पटली नाही, हे सगळं त्यात असतं. सुपडू आणि तोताराम अजून एकमेकांशी बोलत नाहीत. सुपडूची सून कुंदाबाई मात्र रोज दुपारी पाटी घेऊन बांध ओलांडून येते, आणि धुरपदाबाई तिला सध्या जोडाक्षरं शिकवते आहे.