मावसाजींचे सतरा शब्द

जो विषय नुसता निघाला तरी सभ्य माणसं खाकरून आढ्याकडे बघू लागतात, त्या विषयावर चारचौघांत तासभर बोलून वर शांतपणे पान लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा होता. मावसाजींचा विषय म्हणजे माणूस सकाळी उठून पोट हलकं करायला जिथे जातो ती जागा. जागाही नव्हे, त्या जागेचं नाव. ते कुठून आलं, त्याआधी तिथे कोणतं नाव नांदत होतं, कोणत्या गावात काय म्हणतात, या चौकशीत त्यांनी ऐन उमेदीची वर्षं घालवली, आणि तीही मराठी चौथीच्या भांडवलावर.

अकोल्याच्या जुन्या शहराला लागून, मोर्णेच्या काठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी आणि सणासुदीला शेवंती. उन्हाळ्यात विहीर आटली की ते कचेरीच्या आणि साहेब लोकांच्या दारांना वाळ्याच्या टट्ट्या बांधायला जात आणि दिवसभर त्यांवर पाणी मारत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला, त्यामुळे कचेरीत हिंदी बोलणारे शिपाई बरेच. त्यांतला एक जण मावसाजींना म्हणाला, टट्टीवर पाणी मार, आणि त्याच दमात म्हणाला, मी जरा टट्टीला जाऊन येतो. दुसरा कोणी हसून सोडून देता. मावसाजी बादली खाली ठेवून तिथेच बसले. "ज्याच्यातून असा थंडा वारा येते, त्याचं नाव तिकडं काऊन गेलं?" हा प्रश्न त्यांनी त्या शिपायाला विचारला, कारकुनाला विचारला आणि शेवटी थेट साहेबाला विचारायला निघाले, तेव्हा त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

पुढे त्यांनी उत्तर मिळवलं. टट्टी म्हणजे मुळात कुडाचा आडोसा, आपला तट्टा. लोक आडोशाच्या मागे जाऊ लागले, तेव्हा आडोशाचं नाव जागेला लागलं आणि जागेवरून थेट त्या ऐवजाला. "गरीब तट्टा, त्यानं लोकाईची लाज झाकली, अन् लोकाईनं त्यालेच बदनाम केलं," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कातर होई. मग त्यांना नादच लागला. पायखान्यासाठी ते मौलवींच्या ओट्यावर चार दिवस बसले. शौच म्हणजे शुद्धी, मुळात त्यात घाण नाहीच, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यांनी बुवांकडे टोपलीभर वांगी पोचती केली. पण झाडा या शब्दावरून दोघांचं फाटलं. मावसाजी म्हणत, झाडाआड जातात म्हणून झाडा. बुवा म्हणत, पोट झाडून निघतं म्हणून झाडा. सहा महिने बोलणं बंद, आणि वांगीही बंद. संडासाचा मात्र त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. "याचा बाप कोन, ते कोनीच सांगत नाई," असं ते एखाद्या अनाथ लेकराबद्दल बोलावं तसं बोलत.

घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी आणि मग हा प्रश्न: "तुमच्याकडं काय म्हनतेत?" माझ्या मावसबहिणीचं लग्न जुळवायला खानदेशातून मंडळी आली, तेव्हा मुलाच्या बापाचा पहिला घास तोंडाशी असतानाच मावसाजींनी हे विचारलं. मावशी भिंतीआड कपाळाला हात लावून बसली. व्याह्यांनी घास खाली ठेवला, थोडा विचार केला, आणि आपल्या आजोळचा एक जुना शब्द सांगितला. तो मावसाजींनी जन्मात ऐकलेला नव्हता. त्यांनी उठून व्याह्यांना मिठी मारली. देण्याघेण्याची बोलणी त्या दिवशी झालीच नाहीत, आणि लग्न मात्र ठरलं.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. धाकट्या बाळंतपणानंतर तिला संग्रहणी जडली, आणि पुढे आजार गेला तरी पोटाचा भरवसा कायमचा गेला. बाहेर पडावं तर दिवसाउजेडी बाईमाणसाने जायचं कुठे? कौंडण्यपूरच्या कार्तिकी जत्रेत तर बाया आदल्या रात्रीपासून पोटात काही घालत नसत. पहाटे अंधारात उरकायचं आणि मग दिवसभर कळ काढायची. मावशीला ते शक्य नव्हतं. अकरा वर्षं तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तिचं माहेर त्या जत्रेपासून दोन कोसांवर. लहानपणी ती वर्धा नदीत डुंबलेली. माझी आई दरवर्षी जत्रा करून अकोल्याला जाई, आणि मावशी तिला पेढ्याच्या दुकानापासून पाळण्यापर्यंत सगळं विचारून घेई. ती घराबाहेर का पडत नाही, हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं.

एका कार्तिकात मावसाजी मावशीला घेऊन रात्रीच्या गाडीने धामणगावच्या स्टेशनावर उतरले. मी त्या गावी शाळेत मास्तर होतो. मला म्हणाले, "सुट्टी टाक अन् कुदळ घे." बैलगाडीभर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेऊन आम्ही जत्रेच्या आदल्या दिवशी कौंडण्यपूरला पोचलो. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यात चर खणले, कडेला राख आणि मातीचे ढीग घातले, आणि भोवती डोक्याइतके उंच तट्टे उभे केले. काम असं देखणं झालं, की मावसाजी लांब जाऊन पुन्हा पुन्हा बघून येत होते. वर पाटी लावू म्हटलं, तर म्हणाले, "पाटी कायले? कोनालेही समजते."

सकाळी उठून बघतो तो तट्ट्याच्या दाराशी हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फुटलेला, आणि पाच-सहा बाया ओटीचं ताट घेऊन उभ्या. जत्रेत इतका नीटनेटका नवा आडोसा दिसला, म्हणजे आत देवी असणार, असं त्यांनी धरलं होतं. एकजण तर, आतली देवी कडक हाय म्हनतेत, असं दुसरीला सांगत होती. मावशी गाडीत बसून होती. दिवस वर चढला, तिचा चेहरा उतरत चालला. मी म्हटलं, "मावशी, चल." ती म्हणाली, "साऱ्या जत्रेनं जिथं कुंकू वाह्यलं, तिथं मी पहिली जाऊ का रे?" तिने बैल जुंपायला सांगितलं.

तेव्हा मावसाजी गाडीच्या जूवर चढले. कोणता शब्द वापरावा? एकाला जो चालतो तो दुसऱ्याला झोंबतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? म्हणून त्यांनी सगळेच वापरले. बायांनो, हे परसाकडं हाय, असं म्हणून परस म्हणजे काय ते सांगितलं. मग झाडा, मग दिशा, पायखाना, शौच, संडास, व्याह्यांच्या आजोळचा तो शब्द, असे आजवर जमवलेले सतराच्या सतरा शब्द, प्रत्येकाच्या कुळकथेसकट, खणखणीत आवाजात. जत्रा पाळणे सोडून गोळा झाली. पोलीस आला तोही ऐकत उभा राहिला. कोणाचा शब्द आला, की त्या गावच्या बायांत पदराआड खसखस पिके. शेवटी ओटीचं ताट धरलेली एक म्हातारी म्हणाली, "हागाची जागा हाय, असं सांग ना बाप्पा. एवढं पुरान काऊन सांगून रायला?" आणि ताट शेजारणीच्या हातात देऊन ती आत गेली.

मावसाजींनी जूवरूनच तिला हात जोडले. मागोमाग रांग लागली, आणि त्या रांगेत चौथी आमची मावशी होती. नंतर ती नदीत उतरली, चांगली तासभर डुंबली, आणि भर दुपारी साऱ्या जत्रेदेखत तिने तीन रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली. मावसाजी जेवलेच नाहीत. समोर बसून तिचा घास न् घास बघत होते. त्या तुकड्यात पुढच्या साली ज्वारी अशी माजली, की त्यानंतर तट्टे आमच्याच वावरात घाला म्हणून तीन शेतकरी भांडले. मावशी दर साली येत राहिली, लग्नाकार्यांना जाऊ लागली, एकदा तर, माझी अमरावतीला बदली झाल्यावर, तिथे येऊन माझ्या घरी महिनाभर राहिली.

मावसाजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला जमलेली माणसं त्यांच्या वेडाच्याच गोष्टी सांगून हसत होती, मीही हसत होतो. सगळे गेल्यावर मी मावशीला म्हटलं, जन्मभर लोकांचं हसू सोसलं त्यांनी. मावशी म्हणाली, "घरी येनारा त्याईलेच हासत जाये. त्याईच्या बोलन्यापुढं, तुमची बाई बाहेर काऊन येत नाई, हे अकरा वर्सात एकानंही विचारलं नाई."