कासवाचं नाव विचारणाऱ्या बाई

पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आलो, पण माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. मुलगी पहिलीत गेली आणि घर दिवसभर खायला उठायला लागलं. शाळेला वर्गात मदतीसाठी पालक हवे होते, म्हणून मी नाव दिलं.

मुलीच्या बाई साठीच्या पुढच्या, टेक्सासमध्येच वाढलेल्या. गुडघे दुखत असले तरी मुलांशी बोलायला त्या खाली जमिनीवर बसायच्या.

वर्गात नागपूरहून नुकतीच आलेली एक मुलगी होती. दोन महिने झाले तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. एके दिवशी बाई मला म्हणाल्या, "तिला तुमच्या भाषेत विचारशील, घरची कसली आठवण येते?"

मी विचारलं. ती कुजबुजली, "माझं कासव आजीकडे राहिलं."

हे सांगितल्यावर बाईंनी माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलं, तळहातावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुज्या कासवाचा नाव काय?"

ती खुदकन हसली. "कासवाचा नाही, कासवाचं!"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. बाईंनी तीनदा म्हणून ते वाक्य बरोबर केलं. मग रोज तिच्याकडून एक मराठी शब्द शिकायचा आणि तिला एक इंग्रजी शब्द द्यायचा, असं सुरू झालं. वर्ष संपता संपता ती वर्गासमोर उभी राहून पुस्तक वाचत होती. पस्तीस वर्षं शिकवत आलेली बाई सहा वर्षांच्या पोरीकडून इतक्या मनापासून चूक सुधारून घेते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"तू शिक्षिका हो," त्या मला म्हणाल्या.

"माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे."

"असू दे. ती मुलगी आधी तुझ्याशी बोलली."

वर्क परमिट आल्यावर मी शिक्षकांच्या कोर्सला नाव घातलं. नवरा म्हणाला, "आयटी सोडतेस? नक्की?" वाचन शिकवण्याच्या परीक्षेत मी नापास झाले. बाई तोवर रिटायर झाल्या होत्या, तरी दर शनिवारी लायब्ररीत बसून त्यांनी माझी तयारी करून घेतली. दुसऱ्या वेळी पास झाले.

शिक्षिका म्हणून माझा पहिला आठवडा भयंकर गेला. मिनिटामिनिटाचा प्लॅन दहा वाजेपर्यंत कोलमडायचा. शुक्रवारी, शाळेची परवानगी काढून, बाई आल्या आणि दिवसभर मागे बसून पेन्सिलींना टोक करत राहिल्या. सुट्टी झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आज तू एकदाच ओरडलीस," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या वर्षी रोज ओरडायचे."

मला ते खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.